गाळलेली हवा

अभिनंदन भाऊजींनी हिरव्या नळीचं तोंड माझ्या तळहाताजवळ धरलं आणि खटका दाबला.

"घ्या वास, वैनी."

मी हात मागं घेतला, मग पुन्हा पुढं केला. हवा गार लागली, कोरडी. वास म्हणाल तर कसलाच नव्हता.

"कसला येतोय?"

"कसलाच नाही," मी म्हणाले.

"हेच तर सांगालोय. साध्या हवेत पाणी असतंय, वाफ असतीया. ती टायरच्या पोटात जाऊन बसती. रिम गंजती. ऊन तापलं की हवा फुगती, गार पडलं की बसती. ह्यात त्यातलं काय न्हाई. नुसता नायट्रोजन. टायर तापत न्हाई, महिना महिना हवा उतरत न्हाई. इमानाच्या चाकात सुद्धा हेच भरत्यात."

माझे यजमान, भूपाल, शेजारी हात पुसत उभे होते. लोखंडी कपाटाएवढं ते नवं मशीन सकाळीच टेम्पोतून उतरलं होतं आणि दोघा भावांच्या चेहऱ्यावर घरात बाळ आल्यासारखा आनंद होता.

"मग ते पाणी, ती वाफ जाते कुठं?" मी विचारलं.

"आत फिल्टर आहे," यजमान म्हणाले. "कंप्रेसरची हवा एका बाजूनं आत जाते, गाळून दुसऱ्या बाजूनं बाहेर येते."

"म्हणजे गाळलेली हवा."

भाऊजींनी टाळी वाजवली. "दादा, ऐकलास? कंपनीच्या माणसानं तासभर डोकं खाल्लं आणि वैनीनं दोन शब्दांत सांगितलं."

दोन दिवसांत फाट्यावरच्या आमच्या टायरच्या दुकानावर नवा बोर्ड लागला. हिरव्या अक्षरांत 'नायट्रोजन' आणि त्याखाली 'गाळलेली हवा'. बघून मला संकोच वाटला. थोडं बरंही वाटलं.

आम्ही जैन. आमच्या घरात दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी कुणाच्या ओठाला लागत नाही. गाळून झालं की फडकं उलटं करायचं, वरून गाळलेलंच पाणी ओतायचं आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. सासूबाई सांगायच्या, गाळणं हे अर्धंच काम, परत सोडणं हे पुरं. त्या मशीनकडे बघताना मला ते आपलं, ओळखीचं वाटलं होतं.

रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, देवासमोर दिवसाचा नेम घ्यायची मला लहानपणापासून सवय. आज मीठ नाही, उद्या तूप नाही. दोन नेम मात्र कायमचे. एक, चेष्टेतसुद्धा खोटं बोलायचं नाही. दुसरा गुळाचा. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी बस्तीत बोलले होते, आमच्या घरी मुनिमहाराजांचा आहार होईल तोवर गूळ तोंडात घालणार नाही. आमचा भाग उसाचा. गुऱ्हाळं पेटली की महिनाभर सगळं गाव त्या वासात बुडालेलं असतं. संक्रांतीला माझ्यापुरते साखरेचे लाडू वेगळे वळले जायचे, आणि जाऊबाई सुजाता दरवर्षी म्हणायची, "वैनी, तुमचे महाराज कधी यायचे वो?"

त्यानंतर गावात महाराज आले, गेले. आमच्या दारात थांबले नाहीत. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, आणि बाहेर पडताना मनात एक अट धरतात. अमुक दिसलं तरच थांबायचं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात कळस. ती अट कुणाला सांगत नाहीत. जुळली तर आहार, नाही तर त्या दिवशी उपास. त्यामुळे तो योग. मी वाट बघत होते.

पुढच्या चैत्रात मुनींचा संघ आमच्या गावी मुक्कामाला येणार असं कळलं.

"चौका आपल्याकडं," भाऊजींनी जाहीर केलं. चौका म्हणजे महाराजांसाठी सोवळ्यात मांडायचं स्वयंपाकघर. "घर दुकानाच्या पाठीमागंच हाय. सांगली, बेळगाव, निपाणी, सगळीकडनं दर्शनाला गाड्या येणार. आणि प्रभावना म्हणून प्रत्येक गाडीत आपला नायट्रोजन."

प्रभावना म्हणजे धर्मकार्याला आलेल्याच्या हातावर ठेवायची भेट. कुणी नारळ देतं, कुणी स्टीलची वाटी. टायरमध्ये नायट्रोजन भरला की चाकाच्या तोंडाला हिरवं टोपण बसवतात, ओळखू यावं म्हणून. भाऊजींनी पोतंभर टोपणं मागवली.

"फुकट?" मी विचारलं.

"पयल्यांदा फुकट. मग येतीलच की." ते हसले. "वैनी, धर्म बी वाढतोय, गिऱ्हाईक बी वाढतंय. तुम्ही फक्त बायकांना सांगा. तुमचा शब्द म्हणजे गावात देवाच्या पायावरचं फूल."

मी सांगितलं होतं. वर्षभर सांगतच होते. बस्तीत कुणी विचारलं तर म्हणायची, चांगलं आहे, भरून घ्या, कोरडी हवा आहे, उतरत नाही. मला ते खरंच वाटत होतं.

संघ आला. आमच्या चौक्याच्या आदल्या दिवशी सकाळी सोनाक्का मगदूम आल्या. माझ्याहून वयानं मोठ्या, बस्तीत माझ्या शेजारी बसणाऱ्या. त्यांचा मुलगा सुकुमार बाहेर गाडीत थांबला होता.

"राजमती, उद्या तुझ्या दारात उभी राहते बघ. महाराजांचं दर्शन घेतलं की तसंच श्रवणबेळगोळला निघणार. नातवंडं, सून, सगळी." त्यांनी माझा हात हातात घेतला. "उद्या तुझा गूळ सुटतोय. मला सपान पडलंय."

त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेले. गाडीच्या चारी चाकांना हिरवी टोपणं होती. मागचं एक चाक मला बसल्यासारखं दिसलं.

"सुकुमार, हवा बघून घे रे जाताना."

"काकी, नायट्रोजन हाय की. दिवाळीला तुमच्याकडनंच भरलाय. अभिनंदनकाका म्हणाले, आता चारसहा महिने बघायचंच न्हाई."

"तूच म्हणालीस न्हवं, गाळलेली हवा," सोनाक्का म्हणाल्या. "ती कुठली उतरती?"

मीही हसले. आणि गाडी गेली.

चौक्याला पाणी विहिरीचंच लागतं. आमची विहीर दुकानाच्या मागच्या अंगाला. ऊन उतरल्यावर मी घागर आणि फडकं घेऊन निघाले, उद्याच्या आधी एकदा विहीर बघावी, कडेचा पाला काढावा म्हणून. कंप्रेसरच्या खोलीचं दार उघडं होतं. यजमान वाकून टाकीच्या तळाचा कॉक सोडत होते.

फस्सकन आवाज झाला आणि पिवळट तपकिरी पाण्याची चिळकांडी दारापर्यंत आली. माझ्या पायावर पडली. गंजाचा, कुबट तेलाचा, साचलेल्या गटाराचा असा एक मिळून वास. मी पाय झटकला, तरी ते बोटांच्या बेचक्यात चिकट राहिलं.

"अगं, इकडून कशाला आलीस?"

"हे काय आहे?"

"टाकीतलं पाणी. हवेतलंच. साठतं, ते सोडावं लागतं."

मी बघत होते. कंप्रेसरच्या टाकीतून एक नळी निघाली होती आणि भिंतीवरून सरळ बाहेर गेली होती. हिरवी नळी. मधे कुठंही न थांबता. कपाटाएवढं मशीन कोपऱ्यात उभं होतं. त्याची वायर गुंडाळून त्याच्याच डोक्यावर ठेवलेली. वायरीवर धूळ.

"मशीन बंद आहे?"

यजमान कॉक पिळत राहिले.

"फिल्टर गेलाय," शेवटी म्हणाले. "गणपतीच्या आधीपासून."

"मग दिवाळीला सुकुमारच्या गाडीत काय भरलं?"

"हवा."

"ही?"

"हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. अभिनंदन म्हणतो, उरलेल्याला कोण विचारतंय?"

ते इतकं साधेपणानं म्हणाले, जणू आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगत होते. मशीनमधून काही तरी बारीक आवाज आला. यजमानांनी खालचं झाकण ओढून उघडलं. फिल्टरच्या रिकाम्या जागेत चिंध्या आणि कागदाचे तुकडे गोळा झालेले. त्यात उंदराची पिल्लं. गुलाबी, डोळे न उघडलेली, एकमेकांवर चढून वळवळणारी.

"बघ, मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुला चालणार नाही म्हणून ठेवलीत."

मला त्या पिल्लांची किळस आली नाही. त्यांच्या त्या बोलण्याची आली. झाकण मीच हळूच लावलं.

"हे बंद करा," मी म्हणाले. "नळी काढा. ज्यांना दिलंय त्यांना सांगा."

"उद्याचं होऊ दे."

"उद्या मी दारात काय म्हणायचं?"

त्यांना ठाऊक होतं मी काय म्हणतेय ते. महाराज दारात थांबले की घरच्यांनी त्यांच्यासमोर तोंडानं म्हणायचं असतं. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. सगळ्यांनी मिळून, स्पष्ट. मगच महाराज आत पाऊल टाकतात.

"तू कुठं खोटं बोलली आहेस?" यजमान म्हणाले. "तुला माहीत नव्हतं."

"आता आहे."

आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं. त्या संध्याकाळी मी पानं वाढली आणि भाऊजींना तेच विचारलं. हळूच विचारलं, मला मोठ्यानं बोलता येत नाही.

त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली. "दादानं सांगितलं व्हय? दादाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"सोनाक्का उद्या नातवंडं घेऊन लांब निघाल्यात. चाक बसलंय त्यांचं. हवा बघत नाहीत, कारण आपण सांगितलंय बघायची नाही."

"बसलं तर दिसंल की त्यांना. आंधळी हाईत काय?"

"बोर्डवर माझा शब्द आहे."

"वैनी," ते समजुतीनं म्हणाले, बोटं चाटत. "महाराज टायरला हात लावायला येणारायत काय? ते चालत येणार. अनवाणी. त्यांचा आणि हवेचा काय संबंध? तुम्ही किती वर्षं थांबलाय. उद्या योग आला आणि टायरवरनं घालवला तर तुमच्यासारखी खुळी तुम्हीच."

सुजाता फिसकन हसली. "वैनी, गूळ आणून ठेवलाय मी. नवी ढेप. मावशीच्या गुऱ्हाळावरची."

भाऊजींनी ताट पुढं सरकवलं. "वाढा अजून थोडी आमटी. झकास झालीया."

त्यांच्या मिशीला आमटीचा ओघळ लागला होता. ते अगदी समाधानात जेवत होते. मी वाढलं, आणि तिथं बसवेना म्हणून मागच्या पडवीत जाऊन पाय धुतले. तेव्हापासून कितव्यांदा तरी. बोटांच्या बेचक्यातला वास जात नव्हता.

एक विचार मी सोडला नव्हता. सकाळी माणसं जमायच्या आत सोनाक्का येतील, तेव्हा त्यांच्या कानात सांगू. म्हणजे निदान ते एक चाक. मग दारात म्हणायचं ते म्हणता येईल. पण सकाळी त्या आल्या तेव्हा महाराज निघाल्याची हाक आली होती आणि लोक दुतर्फा उभे राहिले होते. सोनाक्का गर्दीत पलीकडच्या बाजूला होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले.

आम्ही दारात उभे. मी पिवळ्या सोवळ्यात, डोक्यावर पदर, हातात कळस. यजमान पांढऱ्या धोतरात, हातात नारळ. भाऊजी आणि सुजाता आमच्या मागं. भाऊजींच्या कपाळावर केशराचा टिळा. रस्त्याच्या कडेनं गाड्या लागलेल्या, हिरवी टोपणं उन्हात चमकत होती.

महाराज आले. तरुण होते. पायाला भेगा, उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली, म्हणजे आहाराला निघाल्याची खूण. तेव्हापासून त्यांना मौन असतं. चार घरांच्या चार चौक्यांवरून ते पुढं आले. आमच्यासमोर आले.

थांबले.

गर्दीतून सुस्कारा निघाला. त्यांची अट जुळली होती, नारळ आणि कळस की आणखी काही, आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. भाऊजींनी मागून घसा साफ केला आणि सगळ्यांच्या वर आवाज काढला.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. स्वामी, आत यावं."

आवाज कुठंही अडखळला नाही. तूप घातल्यासारखा मऊ निघाला. यजमानांनीही म्हटलं, जरा खाली बघून. सुजातानं म्हटलं.

मी "मनशुद्धी" म्हटलं आणि थांबले.

महाराज माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, घाईनंही नाही. नुसते थांबले होते.

"वैनी," भाऊजी दात आवळून म्हणाले.

"वचनशुद्धी नाही, महाराज," मी म्हणाले. "आमच्या दुकानात नायट्रोजन म्हणून साधी हवा भरतात. मशीन बंद आहे. मी लोकांना चांगलं म्हणून सांगितलं आहे. सोनाक्का, तुमच्या गाडीतही तीच आहे. चाक बघून घेतल्याशिवाय निघू नका."

इतकंच. माझा आवाज कुठपर्यंत गेला ते मला माहीत नाही. पण पहिल्या रांगेनं ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं.

महाराजांनी डोळे मिटले, उघडले. मग वळले आणि पुढच्या घराकडं चालू लागले.

पुढं त्यांची अट कुठं जुळली नाही. चैत्राचं ऊन डोक्यावर आलं आणि ते पाणीही न घेता परत मुक्कामावर गेले.

मग आमच्या अंगणात जे झालं ते मला आजही तोंडात कडवट आल्यासारखं आठवतं. माणसं माझ्याभोवती जमली. ज्यांच्या गाड्यांत ती हवा होती, तीच माणसं.

"महाराजांना उपास घडवलास, बाई."

"ह्या उन्हात. एक घोट पाणी न्हाई."

"आहारात विघ्न आणलं. केवढं पाप."

मी वाट बघत होते. कुणी तरी विचारील, मशीन कधीपासून बंद आहे? माझ्या गाडीत काय भरलंय? एकानंही विचारलं नाही. निपाणीचे एक गृहस्थ आपल्या गाडीला टेकून उभे होते, हिरव्या टोपणावर पाय ठेवून, आणि मला सांगत होते की बाईमाणसानं वेळप्रसंग ओळखावा.

सोनाक्काही आल्या. त्यांचे डोळे भरलेले.

"राजमती, टायरचं काय एवढं? नंतर सांगितलं असतंस तर?"

"नंतर म्हणजे कधी? तुम्ही तर आहार झाला की निघणार होता."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. सुकुमार मात्र गेला होता. पुढच्या चौकातल्या पंपावर हवा बघून आला. मागच्या चाकात निम्मीच होती. त्यानं ते आईच्या कानात सांगितलं. आईनं त्याला गप्प बस म्हणून खूण केली. माझ्याकडं न बघता दोघं गेले.

दुपारी प्रवचनाला सगळं गाव मंडपात. मी बायकांच्या शेवटच्या ओळीत. भाऊजी उठले, हात जोडून पुढं गेले आणि महाराजांच्या पायाशी आडवे झाले. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं, मी बघितलं.

"स्वामी, चूक झाली. मशीन दुरुस्त करतो. तुमच्यासमोर नेम घेतो, ह्यापुढं खोटी हवा भरणार न्हाई. उद्या परत चौका लावतो. एकदा पदरात घ्या."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी त्यांच्या डोक्याला टेकवली. म्हणाले, "नेम घेणं सोपं आहे. पाळ." दुसरं काही बोलले नाहीत. पण मंडपानं जयजयकार केला. कुणी तरी भाऊजींच्या गळ्यात हार घातला. सकाळी माझ्या नावानं बोटं मोडणारी माणसं म्हणत होती, केवढं मोठं मन, भर सभेत कबूल करायला छाती लागते.

संध्याकाळी यजमान म्हणाले, "झालं की तुझ्या मनासारखं. उद्या उभी राहा."

"पाणी मी गाळीन," मी म्हणाले. "दारात उभी राहणार नाही."

"का आता?"

"मशीन सुरू झालं?"

"होईल गं. एका रात्रीत होतंय होय?"

दुसऱ्या दिवशी दारात भाऊजी आणि सुजाता उभे राहिले. मी चौक्यात, चुलीपाशी. बाहेरून तोच आवाज आला. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. एक अक्षर हललं नाही. महाराजांची अट जुळली. ते आत आले, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतला. मी गाळलेलं पाणी त्यांच्या ओंजळीत भाऊजींनी ओतलं. मी मान खाली घालून उभी होते. महाराज जाताना क्षणभर माझ्याजवळ थांबले, आशीर्वादाचा हात वर केला. मग गेले. बाहेर ढोल वाजायला लागला.

मला माझं राहिलेलं काम होतं. फडकं घेतलं आणि जिवाणी सोडायला विहिरीकडं निघाले.

कंप्रेसरच्या खोलीसमोर मांडव घातला होता. मशीन खोलीतून बाहेर आणून दर्शनी ठेवलेलं. पुसून लखलखीत, झेंडूची माळ घातलेली, वर कुंकवाची बोटं. वायर तशीच डोक्यावर गुंडाळलेली, फक्त तिच्यावरची धूळ गेली होती. हिरवी नळी कंप्रेसरलाच होती. एका गाडीत हवा भरणं चाललं होतं.

मी वळसा घालून मागं गेले. विहिरीच्या अलीकडं उकिरडा आहे. तिथं चिंध्यांचा तो गोळा पडला होता. पिल्लं त्यातच होती. एक अजून हलत होतं. त्यांच्यावर मुंग्या लागल्या होत्या. काळ्या, चिकट, इतक्या की गुलाबी रंग मधून मधूनच दिसत होता. पहाटे मशीन पुसायला काढलं तेव्हा झाकण उघडून झटकलं असणार. मग आंघोळ. मग केशराचा टिळा. मग कायशुद्धी.

मी हलणारं ते पिल्लू फडक्याच्या कोपऱ्यानं उचलून बाजूला केलं, मुंग्या फुंकून काढायचा प्रयत्न केला. मग तेही हलेनासं झालं. विहिरीपाशी गेले, फडकं उलटं करून जिवाणी सोडली. अर्धं पाणी काठावर सांडलं.

घरात आले तर सगळे माझीच वाट बघत होते. सुजातानं पितळेच्या ताटात गूळ ठेवला होता. नव्या ढेपेचा मोठा खडा, पिवळाधमक.

"वैनी, या या," भाऊजी म्हणाले. गळ्यात अजून कालचा हार. "आपल्या घरी महाराजांचा आहार झाला. तुमचा नेम सुटला. आता माझ्या हातनं गूळ घ्या आणि झालं गेलं सोडून द्या."

यजमान माझ्याकडं बघत होते, अगदी आशेनं. "घे की. मलाही बरं वाटेल."

"मशीनमधली पिल्लं कुणी काढली?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"कसली पिल्लं?" सुजाता म्हणाली.

"अवो, ती उंदरं व्हय," भाऊजी म्हणाले. "मशीन लोकांपुढं ठेवायचं म्हटल्यावर साफ करायला नको? तुम्हीच म्हणाला न्हवं, सुरू करा म्हणून."

त्यांनी खडा मोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा माझ्या ओठापाशी आणला. त्यांची बोटं चिकट झाली होती. खड्याच्या कडेला एक मुंगी चढली होती.

मी तोंड फिरवलं आणि पडवीत जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, तरी बराच वेळ ओकत राहिले. बाहेर ढोल वाजत होता, आणि आतून सुजाता कुणाला तरी सांगत होती, दोन दिवस उपाशी राहिल्यात वैनी, पित्त झालंय.

त्याला आता खूप वर्षं झाली. फाट्यावरचं दुकान भाऊजींचा मुलगा बघतो. यजमान गेले. मी माहेरच्या गावी भावाकडं राहते, बस्ती इथंही जवळच आहे. रोजचे नेम चालू आहेत, मीठ, तूप, दूध, एकेक दिवस एकेक. पाणी अजून मीच गाळते आणि जिवाणी सोडायला स्वतः विहिरीवर जाते. भावाची गाडी आहे. त्यानं कधी विचारलंच तर मी सांगते, नायट्रोजन चांगला असतो, कोरडा असतो, पण हवा दर पंधरवड्याला बघत जा.

इथंही गुऱ्हाळं आहेत. मोसम आला की वहिनी ताजा गूळ आणते आणि नेमानं विचारते, "वन्सं, तुमचा गुळाचा नेम अजून सुटला नाही का?"

मी तिला खरं तेच सांगते. नेम केव्हाच सुटला. आमच्या घरी महाराजांचा आहार झाला, सगळ्या गावानं बघितलं.

गूळ मी खात नाही. नेम म्हणून नाही.